पाकिटावर तारीख छापता, मग वेबसाइटच्या पानावर का नाही?



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "सर, हे तर डेव्हलपरचं काम. आम्हाला मार्केटिंग शिकवा, कॉस्टिंग शिकवा." माझं मत नेमकं याच्या उलट आहे आणि आजचा लेख त्यासाठीच लिहिलाय. तुमच्या वेबसाइटचं कोणतं पान ग्राहकाच्या मोबाइलमध्ये किती वेळ साठून राहावं, हा निर्णय धंद्याचा आहे. तो मालकाने घ्यायचा. डेव्हलपरने तो फक्त कोडमध्ये उतरवायचा.

एक ताजं उदाहरण घेऊ. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. शेव, चिवडा, भुजिया अशा पाकीटबंद नमकीनवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. समजा तुमच्या एका पाकिटाची करापूर्वीची किंमत २०० रुपये आहे. आदल्या दिवशी ग्राहकाला ते २२४ रुपयांना पडत होतं, घटस्थापनेपासून ते २१० रुपयांना पडायला हवं. तुम्ही रात्री जागून वेबसाइटवरचे सगळे दर बदललेत. तुमच्या लॅपटॉपवर २१० दिसतंय. सकाळी ग्राहक साइट उघडतो आणि त्याच्या मोबाइलवर अजून २२४! त्याला वाटतं, सरकारने कर कमी केला, पण या माणसाने दर काही कमी केला नाही. तो तुम्हाला फोन करत नाही, भांडत नाही. गुपचूप दुसऱ्याकडून घेतो.

तुम्ही डेव्हलपरला फोन करता. ठरलेलं उत्तर येतं, "ग्राहकाला कॅशे क्लिअर करायला सांगा."

मला या वाक्याचा मनापासून राग आहे. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला आपण कधी म्हणतो का, की आमच्या पाटीवर जुना दर आहे, तुम्हीच जरा ती पुसून घ्या? मग ऑनलाइन ग्राहकाला त्याच्या मोबाइलची सेटिंग उघडायला लावण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

कॅशे म्हणजे घरातलं फडताळ

आधी कॅशेबद्दलचा गैरसमज काढू. कॅशे हा शत्रू नाही, उलट फार कामाचा माणूस आहे.

ग्राहक तुमची साइट पहिल्यांदा उघडतो तेव्हा लोगो, फोटो, अक्षरांचे फॉन्ट, डिझाइनच्या फाइली असं सगळं सामान तुमच्या सर्व्हरवरून त्याच्या मोबाइलमध्ये येतं. ब्राउझर त्यातलं बरंच सामान स्वतःच्या फडताळात ठेवून देतो. पुढच्या वेळी तोच ग्राहक आला की लोगो पुन्हा मागवायची गरज पडत नाही, फडताळातून काढला आणि दाखवला. पान झटकन उघडतं, ग्राहकाचा डेटा वाचतो, तुमच्या सर्व्हरवरचा भार हलका होतो. तालुक्याच्या गावात जिथे नेटवर्क कधी दोन काड्या, कधी एक काडी असतं, तिथे ही फार मोठी सोय आहे.

फडताळ मात्र एकच नसतं. तीन ठिकाणी साठा होऊ शकतो. एक, ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये. दोन, वाटेत, म्हणजे तुम्ही सीडीएन वापरत असाल तर त्यांच्या सर्व्हरवर. क्लाउडफ्लेअरसारखी सेवा हे त्याचंच उदाहरण. तीन, तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे वर्डप्रेसमधलं कॅशे प्लगइन वगैरे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणचा साठा तुम्ही एका बटणाने रिकामा करू शकता. पहिल्या ठिकाणचा नाही. ग्राहकाच्या मोबाइलमध्ये गेलेली प्रत ही बाजारात गेलेल्या पाकिटासारखी असते. गोदामातला माल तुम्ही मागे घ्याल, पण ग्राहकाच्या स्वयंपाकघरातल्या डब्यातला कसा घेणार? म्हणूनच पाकीट बाहेर पडण्याआधी त्यावर लेबल लावायचं असतं.

लेबलचं नाव आहे कॅशे-कंट्रोल

खाद्यपदार्थाच्या पाकिटावर उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत छापणं बंधनकारक आहे, हे तुमच्यातल्या फराळ, मसाले, लोणची करणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. वेबसाइटच्या पानालाही असं लेबल असतं. सर्व्हर पान पाठवतो तेव्हा पानाबरोबर काही सूचनाही पाठवतो. ग्राहकाला त्या दिसत नाहीत, ब्राउझरला दिसतात. त्यांना रिस्पॉन्स हेडर म्हणतात. त्यातल्या साठवणुकीच्या सूचनेचं नाव कॅशे-कंट्रोल.

ही काही कालपरवा आलेली फॅशन नाही. कॅशे-कंट्रोल १९९७ साली एचटीटीपी १.१ या मानकाबरोबर आलं आणि त्याचे सध्याचे नियम जून २०२२ मध्ये आरएफसी ९१११ या नावाने प्रसिद्ध झाले. म्हणजे जवळपास तीस वर्षं ही सोय फुकट उपलब्ध आहे. तरीही छोट्या धंद्यांच्या वेबसाइटला हे लेबल पुष्कळदा नसतंच, कारण मालकाला माहीत नसतं आणि डेव्हलपरला कुणी विचारत नाही.

या लेबलवरचे सहा शब्द मालकाला कळले की पुरे. कोडमध्ये ते इंग्रजी स्पेलिंगने जातात, ते डेव्हलपर बघेल. तुम्ही अर्थ लक्षात ठेवा.

मॅक्स-एज: किती सेकंद ही प्रत ताजी समजायची. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस, ३१५३६००० म्हणजे एक वर्ष. तेवढा वेळ ब्राउझर तुमच्या सर्व्हरला काही विचारणार नाही, थेट फडताळातलं दाखवेल.

नो-कॅशे: साठव, पण दर वेळी दाखवण्याआधी मला विचार.

नो-स्टोअर: साठवूच नको.

प्रायव्हेट: फक्त या एका ग्राहकाच्या ब्राउझरने साठवावं, वाटेतल्या कुणीही नाही.

पब्लिक: वाटेतल्यांनी साठवलं तरी चालेल.

इम्युटेबल: मुदत संपेपर्यंत ही फाइल बदलणारच नाही, ग्राहकाने रिफ्रेश केलं तरी पुन्हा विचारू नको.

आता यातला सगळ्यात फसवा शब्द बघा. नो-कॅशे. नाव ऐकून वाटतं, साठवू नको. खरा अर्थ आहे, साठव पण विचारून वापर. मुरलेले डेव्हलपरही इथे गोंधळतात. गोपनीय पानाला कुणी नो-कॅशे लावून निर्धास्त झाला, तर ते पान ग्राहकाच्या यंत्रात साठवलेलं असू शकतं. गोपनीय असेल तर नो-स्टोअर. एवढं एक वाक्य डायरीत लिहून ठेवा.

"दर वेळी विचारायचं म्हटलं की साइट स्लो होणार ना सर?" चांगला प्रश्न आहे. होते, पण अगदी थोडी. कारण सर्व्हर प्रत्येक प्रतीला एक खूण देऊ शकतो, तिला ईटॅग म्हणतात. मालाच्या पेटीवरचा बॅच नंबर समजा. ब्राउझर विचारतो, "माझ्याकडे अमुक बॅच आहे, चालेल का?" सर्व्हर म्हणतो, "चालेल, काही बदललं नाही." या उत्तराचा क्रमांक ३०४. हे उत्तर अगदी छोटं असतं, अख्खं पान पुन्हा जात नाही. बॅच बदलला असेल तरच नवीन पान जातं. म्हणजे दर कायम ताजा आणि डेटाही वाचला.

लेबल नसेल तर ब्राउझर अंदाज लावतो

पुष्कळांना वाटतं, आपण काहीच सांगितलं नाही तर ब्राउझर काहीच साठवणार नाही. चूक! लेबल नसेल तर ब्राउझरला स्वतःच्या अंदाजाने साठवायची मुभा आहे.

अंदाज कसा लावतो? सर्व्हर बऱ्याचदा आपोआप एक तारीख पाठवतो, ही फाइल शेवटची कधी बदलली त्याची. ब्राउझर विचार करतो, जे पान बरेच दिवस बदललं नाही ते आणखी काही दिवस बदलणार नाही. मानकात याचं नेहमीचं उदाहरण १० टक्क्यांचं आहे. म्हणजे तुमचं दरपत्रकाचं पान १०० दिवसांत बदललेलं नसेल, तर ब्राउझर ते पुढचे १० दिवस न विचारता ताजं समजू शकतो.

आता हे धंद्याला लावून बघा. तुमचे दर वर्षातून दोनदा बदलतात. दर जितका जास्त दिवस स्थिर, तितका ब्राउझरचा विश्वास जास्त, आणि ज्या दिवशी तुम्ही शेवटी दर बदलता, त्या दिवशी जुनी प्रत चिकटून राहण्याची शक्यताही तितकीच जास्त. ही नशिबाची गोष्ट नाही. लेबल न लावल्याचा हा हिशोबी परिणाम आहे.

आणि तुमच्या डेव्हलपरला "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय" असं का दिसतं? बऱ्याच डेव्हलपरच्या ब्राउझरमध्ये तपासणीची खिडकी उघडी असते आणि त्यात "डिसेबल कॅशे" वर टिक केलेली असते. ती खिडकी उघडी असेपर्यंत त्याला कायम ताजंच पान येतं. तो खोटं बोलत नाही. तो फक्त तुमच्या ग्राहकाच्या नजरेने बघत नाही.

मालकाचा एक पानी तक्ता

आता कामाचं बोलू. तुमच्या साइटवर शंभर पानं असोत की दहा, साठवणुकीच्या दृष्टीने माल चारच प्रकारचा असतो. वही घ्या आणि लिहा.

पहिला प्रकार, टिकाऊ माल. लोगो, फॉन्ट, डिझाइनच्या फाइली, वस्तूंचे फोटो. यांना एक वर्षाची मुदत द्या, पब्लिक ठेवा, हवं तर इम्युटेबल लावा. पण एक अट कडक पाळा: फाइल बदलली की तिचं नाव बदलायचं. "चकली-१" या नावाचा फोटो बदलून नवीन टाकायचा असेल तर तो "चकली-२" नावानेच टाका. नाव तेच ठेवलंत तर जुन्या ग्राहकाला वर्षभर जुना फोटो दिसू शकतो. पाकीट २५० ग्रॅमचं २०० ग्रॅम केलंत आणि फोटोत अजून २५० दिसतंय, तर ग्राहकाला फसवलं गेल्यासारखं वाटणारच. नवीन नाव म्हणजे ब्राउझरसाठी नवीन वस्तू, तो ती मागवतोच.

दुसरा प्रकार, ताजा माल. वस्तूचं पान, दर, शिल्लक साठा, होमपेज. यांना नो-कॅशे. साठवा, पण विचारून दाखवा. आज पहाटे दर बदलला तर सकाळी सगळ्यांना नवा दर दिसला पाहिजे. इथे काटकसर करू नका.

तिसरा प्रकार, चालढकल चालेल असा माल. ब्लॉगचे लेख, आमच्याविषयीचं पान, रेसिपी. एक तास किंवा एक दिवस जुनं दिसलं तर काही बिघडत नाही. तेवढं मॅक्स-एज द्या. पीडीएफ दरपत्रक मात्र या प्रकारात टाकू नका. ते दिसायला पुस्तिका असलं तरी आत दर आहेत, म्हणजे दुसऱ्या प्रकारात.

चौथा प्रकार, ग्राहकाचा खासगी माल. माझं खातं, पत्ता, ऑर्डरचा इतिहास, कार्ट, पेमेंटचं पान, इनव्हॉइस. इथे एकच उत्तर. नो-स्टोअर.

बस, एवढाच तक्ता. हा तुम्ही ठरवला की डेव्हलपरला तो बसवायला फार मोठं काम नाही.

सवलतीची वेळ आणि मुदतीचं गणित

मुदत आणि ऑफर यांचं गणित नीट जुळवा. समजा दिवाळीची सवलत रात्री १२ वाजता संपते. ऑफरच्या पानाला तुम्ही एक तासाची मुदत दिलीत. ग्राहकाने पान ११:३० ला उघडलं. त्याच्या ब्राउझरच्या दृष्टीने ते पान १२:३० पर्यंत ताजं आहे. १२:२० ला त्याला अजून सवलत दिसते, तो ऑर्डर टाकायला जातो आणि पुढच्या पानावर रक्कम वाढलेली. चिडणार की नाही?

म्हणून दोन नियम. ज्या पानावर संपणारी वेळ आहे त्याला लांब मुदत देऊ नका, नो-कॅशेच बरं. आणि शेवटची रक्कम नेहमी ऑर्डरच्या क्षणी सर्व्हरवर मोजली जाते ना, हे डेव्हलपरकडून वदवून घ्या. पानावरचा आकडा ही पाटी आहे. गल्ल्यावरचा हिशोब वेगळा आणि पक्का हवा. दोघांत फरक पडला तर ग्राहकाला स्पष्ट सांगा, "दर बदलला आहे, नवीन रक्कम इतकी," आणि त्याची संमती घ्या. गुपचूप जास्त रक्कम कापणं हा तर धंदा बुडवायचा मार्ग.

पैशापेक्षा मोठी जोखीम

इथपर्यंत आपण दराबद्दल बोललो. जुना दर दिसला तर एखादी ऑर्डर जाते. खासगी पान चुकीच्या जागी साठलं तर नाव जातं.

२५ डिसेंबर २०१५ चं उदाहरण जगजाहीर आहे. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम हे कॉम्प्युटर गेम विकणारं मोठं ऑनलाइन दुकान. नाताळचा सेल चालू होता आणि त्याच वेळी त्यांच्या साइटवर हल्ला झाला, म्हणजे खोट्या विनंत्यांचा भडिमार. तो भार झेलण्यासाठी वाटेतल्या कॅशिंग पुरवठादाराने साठवणुकीचे नियम बदलले. त्या बदलात चूक झाली आणि लॉगिन केलेल्या ग्राहकांची पानंही साठवली जाऊ लागली. मग एकाचं पान दुसऱ्याला दिसायला लागलं. साधारण दीड तास हे चाललं. कंपनीने स्वतः जाहीर केलं की सुमारे ३४,००० ग्राहकांची पानं दुसऱ्यांना दिसली असण्याची शक्यता आहे. काही पानांवर बिलिंगचा पत्ता, ईमेल, खरेदीचा इतिहास होता. कुणी पासवर्ड चोरला नव्हता, कुणी कुलूप फोडलं नव्हतं. साठवू नये ते साठवलं गेलं, एवढंच.

यातून दोन धडे. पहिला, खासगी पानांना नो-स्टोअरचं लेबल हवंच. दुसरा, नुसत्या लेबलवर निर्धास्त राहू नका. वाटेतल्या सीडीएनला किंवा तुमच्या प्लगइनला "सगळंच साठव" अशी सेटिंग दिली असेल, तर ती तुमच्या लेबलवर मात करू शकते. क्लाउडफ्लेअर साधारणपणे एचटीएमएल पानं स्वतःहून साठवत नाही, पण साइट फास्ट करण्याच्या नादात कुणी "कॅशे एव्हरीथिंग" चा नियम टाकला तर मग काय व्हायचं ते होतं. वूकॉमर्सच्या मार्गदर्शनातही कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही पानं कॅशेतून वगळा असंच सांगितलेलं आहे.

आणि आपल्याकडचं वास्तव लक्षात घ्या. कितीतरी लोक झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून, सायबर कॅफेतून, ऑफिसच्या सामायिक यंत्रावरून ऑर्डर टाकतात. एक जण उठून गेला, दुसऱ्याने मागे जायचं बटण दाबलं आणि आधीच्या बाईंचा पत्ता नि फोन नंबर पडद्यावर! तुमच्या ग्राहक बहुतांश महिला असतील तर ही किती गंभीर गोष्ट आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

आता कायदाही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. ग्राहकाच्या माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. छोट्या दुकानाला एवढा दंड होईल असं सांगून मी तुम्हाला घाबरवत नाही, ही कमाल मर्यादा आहे. पण "आम्ही लहान आहोत, आम्हाला काय माहीत" हे उत्तर यापुढे चालणार नाही, एवढं नक्की.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे

"मग सर, सगळ्याच पानांना नो-स्टोअर लावून टाकू. कटकट नको." नको. असं केलंत तर ग्राहक दर वेळी तुमचे सगळे फोटो नव्याने मागवणार. साइट जड होणार, त्याचा डेटा जाणार, तो कंटाळणार. भाजी नासते म्हणून कुणी डाळ-तांदळाचाही साठा बंद करत नाही. जो माल टिकतो तो टिकू द्या.

"आम्ही तयार प्लॅटफॉर्मवर दुकान काढलंय." शॉपिफायसारख्या ठिकाणी हेडरची बहुतेक सूत्रं त्यांच्या हातात असतात, तुम्हाला फार काही बदलता येत नाही. तरी तपासणी करायला कुणी अडवलं नाही. शिवाय दराचा तक्ता तुम्ही फोटो म्हणून टाकला असेल तर तो फोटोच्या नियमाने साठणार, दराच्या नाही. म्हणून दर नेहमी मजकुरात लिहा, फोटोत नाही.

"डेव्हलपर माझा भाचाच आहे, त्याला काय विचारायचं?" त्यालाच विचारायचं. भाचा मनापासून काम करेल, पण कोणत्या पानाला किती मुदत परवडते हे त्याला कुठून कळणार? दर कधी बदलतो, ऑफर कधी संपते, कोणती माहिती बाहेर गेली तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे तुम्हालाच माहीत आहे.

पाच मिनिटांची तपासणी

आजच करा. कॉम्प्युटरवर क्रोम उघडा. एफ१२ दाबा. "नेटवर्क" या टॅबवर जा. तिथे "डिसेबल कॅशे" ची टिक काढा. आता तुमचं वस्तूचं पान उघडा. खाली यादी येईल, तिच्यातल्या पहिल्या ओळीवर, म्हणजे पानाच्या नावावर क्लिक करा. उजवीकडे "हेडर्स" दिसेल, त्यात "रिस्पॉन्स हेडर्स" चा भाग. तिथे कॅशे-कंट्रोल शोधा.

ओळच नाही? म्हणजे लेबल नाही, ब्राउझर अंदाजावर चाललाय. वस्तूच्या पानाला मॅक्स-एज मोठ्ठा आहे? म्हणजे दर बदलल्यावर घोळ होणार. मग लॉगिन करून "माझं खातं" उघडा आणि पुन्हा बघा. तिथे नो-स्टोअर दिसलं पाहिजे. त्याच खात्याच्या पानाची लिंक दुसऱ्या मोबाइलवर, लॉगिन न करता उघडून बघा. लॉगिनची मागणी यायला हवी. तुमचं नाव-पत्ता दिसला, तर लेख वाचायचा थांबवा आणि आधी डेव्हलपरला फोन लावा.

एक सावधगिरी. आज लेबल बदललंत तरी ज्यांच्याकडे जुनी प्रत आधीच गेली आहे, त्यांच्याकडे ती तिच्या जुन्या मुदतीपर्यंत राहू शकते. नवीन लेबल नवीन पाकिटालाच लागतं. म्हणून हे काम दर बदलायच्या आदल्या रात्री करायचं नसतं. सणाच्या सीझनच्या दोन महिने आधी करा.

करारात या पाच ओळी घाला

नवीन साइट करून घेत असाल तर कोटेशन मंजूर करण्याआधी एवढं लिहून घ्या.

१. प्रत्येक पान आणि फाइल कॅशे-कंट्रोल हेडरसह पाठवली जाईल, अंदाजावर काहीही सोडलं जाणार नाही.

२. दर आणि साठा दाखवणाऱ्या पानांना नो-कॅशे असेल.

३. खातं, कार्ट, पेमेंट आणि ऑर्डरच्या पानांना नो-स्टोअर असेल, आणि सीडीएन व प्लगइनमधूनही ती वगळलेली असतील.

४. फोटो आणि डिझाइनच्या फाइली बदलल्या की त्यांचं नाव बदलेल.

५. अंतिम रक्कम ऑर्डरच्या क्षणी सर्व्हरवर मोजली जाईल.

या पाच ओळी बघून डेव्हलपर म्हणाला, "हे तर मी करतोच," तर उत्तम, मग लिहून द्यायला हरकत नसावी. तो म्हणाला, "याची काही गरज नसते," तर दुसरं कोटेशन मागवा.

मित्रांनो, आपण पाकिटावरची तारीख एक दिवस पुढची छापत नाही, कारण ते पाकीट कुणाच्या तरी घरातलं लेकरू खाणार आहे हे आपल्याला ठाऊक असतं. वेबसाइटवर ग्राहक तसाच विश्वास टाकतो. दिसणारा दर आजचा आहे आणि दिलेला पत्ता दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, एवढंच त्याचं मागणं आहे. ते पुरं करायला नवीन भांडवल लागत नाही, एका बैठकीत ठरणारा तक्ता लागतो.

तर आजचा गृहपाठ: पाच मिनिटांची तपासणी करा, चार प्रकारांचा तक्ता वहीत लिहा आणि उद्या सकाळी डेव्हलपरला पाठवा. तक्ता लिहिताना एखादं पान कोणत्या प्रकारात टाकायचं हे कळत नसेल, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे पान उद्या जुनं दिसलं किंवा दुसऱ्याला दिसलं, तर नुकसान कुणाचं? उत्तर मिळालं की मुदत आपोआप ठरते.